पुष्पाने न म्हटलेलं वाक्य

पुष्पा भोये हिला आजवर चार माणसांनी 'गप्प बस' म्हणून सांगितलं आहे. पहिला तिचा सासरा, दुसरा रेशनवाला. त्या दोघांबद्दल आता बोलायला नको. सासरा वारला आणि रेशनवाल्याने धंदा बदलला. तिसरा होता एक एसटीचा कंडक्टर. आषाढातली गोष्ट. पुष्पा जव्हारच्या बाजाराला खेकडे घेऊन निघाली होती. टोपलीभर जिवंत खेकडे, वर सागाची पानं, पानांवर तिचा हात.

"बाई, हे जनावर गाडीत चालणार नाही," कंडक्टर म्हणाला.

"चालत कुठं आहे? बसलंय. ते पण माझ्या मांडीवर बसलंय, तुझ्या नाय."

गाडी हसली, म्हणून कंडक्टर चिडला. "गप्प बसा एकदम!"

पुष्पा गप्प बसली. फक्त टोपलीवरचा हात तिनं काढून घेतला. पुढचं सगळं खेकडे बोलले. जव्हार येईपर्यंतची तिकिटं कंडक्टरने ड्रायव्हरशेजारी बोनेटवर उभं राहून दिली, असं लोक सांगतात. पुष्पा सांगते की तो बोनेटवर नव्हता, ड्रायव्हरच्या मांडीवर होता.

चौथा माणूस सर्वेश. त्याने तिला गप्प बसायला सांगितलं ते थेट लंडनमध्ये.

सर्वेश हा जव्हारच्या बाजारपेठेतल्या गोवर्धनशेठचा मुलगा. पुष्पाने त्याला हाफपँटीत, दुकानातल्या खड्या मिठाच्या पोत्यावर बसून नाक पुसताना पाहिलेलं होतं. पुढे तो मुंबईला समाजकार्य शिकला, परत आला आणि एका संस्थेत लागला. पगारी माणूस म्हणून पाड्यावरच्या बाया त्याला 'सर' म्हणू लागल्या. आणि पाड्यावर तहसीलदारालाही 'तू'च म्हणतात, म्हणून 'सर, तू' म्हणू लागल्या. "सर, तू जेवलास का?" सर्वेशला आधी ते खटकायचं. नंतर मुंबईची पाहुणी मंडळी आली की तेवढ्यापुरतं खटकायचं.

मुलगा मनाचा चांगला. पावसात मोटारसायकल ढकलत पाड्यावर यायचा, बायांना ओट्यावर बसवून पोषणाचे वर्ग घ्यायचा. भिंतीला तक्ता लावायचा आणि छडीने दाखवायचा, "खेकड्यामध्ये काय असतं? कॅल्शियम!" तक्त्यावरचा खेकडा समुद्रातला होता, लालभडक, परातीएवढा. बाया त्याच्याकडे टक लावून बघत. असला खेकडा भातखाचरात निघाला तर आधी पळायचं कुणीकडं, एवढाच त्यांच्यापुढचा प्रश्न असे. शिवाय सर्वेशच्या घरी कांदासुद्धा चातुर्मासात बंद. खेकडा त्याने उभ्या जन्मात तोंडात घातलेला नव्हता. पण छडीने तो असा दाखवायचा, की वाटावं, हा पोरगा खेकड्यांवरच वाढला.

मोखाड्याच्या पुढे, डांबर संपल्यावर अर्धा तास चालत गेलं की पुष्पाचा पाडा. बत्तीस घरं. नवरा मुकेश भिवंडीला गोदामात. पुष्पाही लग्नानंतर आठ वर्षं वीटभट्टीवर होती; तिथे ती हिंदी शिकली, मुकादमाला ऐकवण्यापुरती पक्की. मग पाड्यावर परतली, अकरा बायांचा गट केला. नागली आणि वरई पिकवायची, भरडून विकायची. नागलीचं ठीक आहे, पण वरईचं भरडणं म्हणजे खांद्यांचा निकाल. उखळात घाला, कुटा, पाखडा, परत कुटा. दोन शेर वरईला अर्धा दिवस. अकरा बायांना मिळून बावीस खांदे, आणि त्यातला एकही न दुखणारा नव्हता.

म्हणून भरडायचं यंत्र हवं होतं. आणि यंत्र देणारे लोक लंडनमध्ये होते.

संस्थेला निमंत्रण आलं, की पोषणावर मोठी सभा आहे, तुमच्याकडची एक बाई आणा, तिला तीन मिनिटं बोलू द्या. सर्वेशने भाषण लिहिलं. पुष्पा मराठीत बोलणार, तो शेजारी उभा राहून इंग्रजी करणार. सगळी वाक्यं सरळ होती. मधे एक वाक्य होतं:

'माझी आई अडाणी होती, पोराला काय भरवावं ते तिला कळत नव्हतं, म्हणून माझा धाकटा भाऊ गेला.'

पुष्पाने भाषण आठ दिवसांत पाठ केलं. शेळीमागे चालताना म्हणायची, भाकरी थापताना म्हणायची, विमानात पट्टा बांधून म्हणाली. सगळं स्वल्पविरामासकट यायचं. तेवढं एक वाक्य आलं की गाडी अडायची.

"ताई, आई अडाणी..." सर्वेश आठवण करून द्यायचा.

"इसरले बघ," पुष्पा म्हणायची आणि पुढचं वाक्य घ्यायची.

सर्वेशला वाटलं, वय झालं. पुष्पा पंचेचाळीसची होती आणि गटातल्या अकरा बायांनी गेल्या होळीला कोणतं लुगडं नेसलं होतं ते तिला पाठ होतं. पण शिकलेल्या माणसाला दुसऱ्याचं विसरणं पटकन खरं वाटतं.

आई, सकू, पाड्यावर जिवंत होती. सत्तरीच्या घरातली. भाषणाचं चित्रण ग्रामसभेत पडद्यावर दाखवायचं, असं सर्वेशने आधीच जाहीर केलेलं होतं. सकूने त्यासाठी नवी चोळी शिवायला टाकली होती.

*

लंडनमध्ये पुष्पाची सगळ्यात मोठी अडचण थंडीची नव्हती. अडचण जमिनीची होती. तिच्या आईच्या घरातली रीत अशी, की जेवायला बसलं की पहिला घास बाजूला, जमिनीवर. धरतरीचा तो. तिने पिकवलं, तिने आधी खायचं. आता लंडनच्या हॉटेलात जमीन कुठे? जिथे बघावं तिथे गालिचा. पहिल्या सकाळी पुष्पाने पावाचा तुकडा गालिच्यावर ठेवला. एक पोरगी आली आणि यंत्राने ओढून घेऊन गेली. तेव्हापासून पुष्पा पहिला घास कागदी रुमालात गुंडाळून पिशवीत टाकू लागली. माती दिसली की ठेवू. तीन दिवस झाले. पिशवीत सात पुड्या जमल्या. माती दिसली ती एका बागेत, पण तिथे कुंपण होतं आणि कुंपणावर पाटी. सर्वेशने पाटी वाचून हात धरून ओढत नेलं.

सभेच्या दिवशी दुपारी जेवायला थंडगार सँडविच होती. भाषण चार वाजता.

"मी गरम भात खाणार," पुष्पा म्हणाली. "थंड पाव खाऊन माझ्या तोंडातून थंडच निघेल."

सर्वेशने मोबाईलवर भात शोधला. दोन गल्ल्या सोडून एक व्हिएतनामी खानावळ निघाली. सहा टेबलं, काचेवर वाफ, भिंतीवर कॅलेंडर. आत शिरताच पुष्पा दारातच थांबली.

दाराशेजारी, खाली, चक्क फरशीवर, लाल रंगाचं लाकडी देवघर होतं. आत एक ढेरपोट्या देव मांडी घालून हसत बसलेला. पुढे संत्री, उदबत्ती, आणि एका छोट्या कपात चहा.

"सर, बघ," ती म्हणाली. "देव खाली बसलाय."

"असतो त्यांच्यात. चला, बसा."

"तीन दिवस मी शोधतेय," पुष्पा म्हणाली, पण सर्वेश खाद्ययादीत शिरला होता.

त्याने स्वतःसाठी सोयाबीनच्या पनीरचं, शेवयांचं काहीतरी मागवलं आणि चारदा विचारलं की यात मासळी नाही ना. पुष्पाने यादीतल्या चित्रावर बोट ठेवलं. चित्रात वाडग्याशेजारी खेकडा काढला होता. लहान, काळपट, आपल्यातला वाटावा असा.

वाडगं आलं. तांदळाच्या शेवया, टोमॅटो, वर तरंगणारा तांबूस थर, आणि शेजारी ताटभर कच्चा पाला. पुष्पाने पाल्याचा वास घेतला, एक पान चावलं, मान हलवली. मग चमचाभर रस्सा आणि दोन शेवया पिशवीतल्या स्टीलच्या वाटीत घेतल्या, चपला टेबलाखाली काढल्या आणि सरळ दाराकडे गेली. देवघरापुढे उकिडवी बसली. वाटी ठेवली. आणि मग, आता बरी जागा मिळालीच आहे तर, म्हणून पिशवी उघडून तीन दिवसांच्या सातही पुड्या देवापुढे ओळीने मांडल्या. पावाचा कडक तुकडा, ऑम्लेटचा कोपरा, हॉटेलातला केक.

वाढणारी पोरगी लिन, विशी-बाविशीची, धावत आली. तिला दिसलं ते इतकंच, की एक बाई देवापुढे कचरा टाकते आहे. ती इंग्रजीत भराभर बोलू लागली. शेजारच्या टेबलावरचे दोघे वळून बघू लागले. सर्वेश तोंडातली शेवई तशीच लोंबत ठेवून धावला.

"ताई, उठा! हे पवित्र असतं त्यांचं!"

"मग? माझं काय उष्टं आहे काय?"

"ताई, गप्प बसा! कृपा करून गप्प बसा आणि जागेवर चला!"

तर चौथा माणूस हा असा.

गडबड ऐकून स्वयंपाकघरातून एक म्हातारी आली. लिनची आजी. उंचीने पुष्पाच्या खांद्याला, हातात पळी. तिने नातीकडे पाहिलं, पुड्यांकडे पाहिलं, उकिडव्या बसलेल्या पुष्पाकडे पाहिलं. मग गुडघे वाजवत स्वतःही खाली बसली. एकेक पुडी उघडून तिने वास घेतला. केकला तिने नाक मुरडलं. आत जाऊन एक पांढरी बशी आणली, सातही तुकडे त्यात नीट मांडले, कागद चुरगाळून नातीच्या हातात दिले आणि पुष्पाच्या हातात उदबत्ती.

पुष्पाने सर्वेशकडे बघितलंसुद्धा नाही. असं न बघणं तिला फार चांगलं जमतं.

म्हातारी त्यांच्या टेबलाशी येऊन बसली. आता पुष्पा मराठीत बोलणार, सर्वेश इंग्रजी करणार, लिन तिच्या भाषेत आजीला सांगणार, आणि तसंच उलटं. फाटक्या पोत्यातून धान्य न्यावं तसा वाटेत निम्मा मजकूर सांडत होता.

"हिला विचार, हे खेकडे डब्यातले ना?" पुष्पा म्हणाली.

सर्वेश गोड हसून काहीतरी बोलला. लिन बोलली. म्हातारीने नम्रपणे मान लववली.

"तू काय सांगितलंस?" पुष्पाने विचारलं.

"तेच."

"डब्यातले म्हटल्यावर कुणी वाकून आभार मानतं? तू 'छान आहे' म्हणून सांगितलंस."

सर्वेश कानापर्यंत लाल झाला. त्याने खरा प्रश्न सांगितला. म्हातारीने दोन्ही हात वर फेकले. डब्यातलेच! इथं कुठं खाचर? आणि मग तिने पळी ठेवली, टेबलावर मूठ आपटून कुटून दाखवलं, दोन हातांनी फडकं पिळल्यासारखं केलं, बोटं नाचवून उकळी दाखवली आणि वर तरंगणाऱ्या थराकडे बोट केलं.

पुष्पा खुर्चीतून अर्धी उठली. "आपल्यासारखं! सर, हे बघ, आपल्यासारखं! कुटायचे, पाण्यात कालवायचे, गाळायचे, ते पाणी उकळलं की वर साय येते. आई करते तसंच!"

दोघी बराच वेळ टेबल कुटत राहिल्या. शेजारच्यांचे ग्लास हलू लागले. लहान खेकडा नांगीकडून धरायचा की पाठीकडून, यावर त्यांचं कडाक्याचं भांडणही झालं, तेही एकही शब्द न कळता.

मग पुष्पा शांतपणे बसली आणि म्हणाली, "आता हे विचार. आणि नीट विचार, मी तोंडाकडं बघणार आहे. म्हणावं, हे खायला तुला कोणत्या संस्थेनं शिकवलं?"

सर्वेशने पाण्याचा घोट घेतला. विचारलं. लिनला 'संस्था' आजीला समजावता येईना. तिने बराच प्रयत्न केला, आणि शेवटी आजीला काय सांगितलं ते सर्वेशला इंग्रजीत सांगितलं.

"काय सांगितलं तिनं?" पुष्पाने विचारलं.

"तिनं सांगितलं..." सर्वेशचा आवाज खाली गेला, "...दुसऱ्याच्या घरी जाऊन त्यांना जेवायला शिकवतात ते लोक."

म्हातारी अशी हसली, की पळी खाली पडली. डोळे पुसत काहीतरी म्हणाली.

"आजी म्हणते, आईनं शिकवलं," सर्वेशने सांगितलं. तो थांबला. पुष्पा त्याच्या तोंडाकडे बघतच होती. "आणि विचारते, हे शिकवणारे साहेब स्वतः खेकडा का खात नाहीत."

पुष्पा हसली नाही, हे तिच्या मोठेपणाला धरून झालं. तिने फक्त त्याच्या वाडग्यातलं पांढरं पनीर चमच्याने जरा पुढे सरकवलं. "जेव, सर. निवतंय."

तीन वाजायला आले. सर्वेशने खिशातून भाषणाचा कागद काढला.

"ताई, एकदा म्हणून घेऊ."

"ते वाक्य मी म्हणणार नाय."

"विसरता म्हणून..."

"इसरत नव्हते. आठ दिवस एकदा पण इसरले नाय. तोंडातून निघत नव्हतं."

सर्वेशने कागद खाली ठेवला. तो खरोखर घाबरला होता. "ताई, ऐका. या लोकांना बदल दाखवावा लागतो. आधी कळत नव्हतं, मग आम्ही शिकवलं, आता कळतं. ते वाक्य काढलं तर आमचं काम काय राहिलं? यंत्र कशाच्या जोरावर मागायचं? अकरा बायका वाट बघताहेत."

"मला माहीत नाय त्या? त्यातली एक मीच."

"एक वाक्य आहे, ताई."

"तुला एक आहे. माझ्या आईनं बारक्याला खेकड्याचं पाणी पाजलं, चमच्या-चमच्यानं. मी बारा वर्षांची होते, मी कुटून दिलं. ते पण पोटात ठरेना, तं पाठीला बांधून निघाली. नदीला पाणी. पलीकडं दवाखाना. दोन दिवस काठावर बसली, सर. दोन दिवस." पुष्पाचा आवाज चढला नव्हता, तिचा आवाज चढला नाही की पाड्यावर लोक सावध होतात. "आणि आता नवी चोळी घालून ती ग्रामसभेत बसेल, आणि तिची पोरगी पडद्यावरून सांगेल, की हिला भरवायला येत नव्हतं?"

म्हातारीला शब्द कळले नव्हते. तिने पुष्पाच्या वाडग्यात न विचारता अजून एक पळी ओतली.

*

चार वाजता पुष्पा व्यासपीठावर गेली. समोर दोनशे माणसं. तिने सुरुवातीची वाक्यं कागदाबरहुकूम म्हटली, सर्वेशने इंग्रजी केली. मग ती जागा आली. पुष्पा थांबली. सर्वेशने सवयीने हळूच म्हटलं, "आई..."

"माझ्या आईला सगळं येत होतं," पुष्पा म्हणाली. "आमच्या घरात खेकडे होते, कंद होते, रानभाजी होती. नदीवर पूल नव्हता. माझा भाऊ पुलावाचून गेला."

पहिल्या रांगेतल्या, यंत्र देणाऱ्या, मोत्यांची माळ घातलेल्या बाईंनी लिहायला पेन उचललं होतं, ते तसंच राहिलं.

"सांग," पुष्पा म्हणाली.

तो सांगेना.

"सर, मी तोंडाकडं बघतेय."

सर्वेशने सांगितलं. पहिलं वाक्य अडखळत, दुसरं जरा सरळ. पुलाचं वाक्य त्याने दोनदा सांगितलं. पुष्पाने ते एकदाच म्हटलं होतं.

भाषण संपल्यावर माळवाल्या बाईंनी विचारलं, तुम्हाला सगळं येतच होतं तर मग आमच्याकडून यंत्र कशासाठी हवं?

पुष्पाने पदर सारला आणि खांद्यावर थाप मारली. "खांदे दुखतात म्हणून. अडाणी आहोत म्हणून नको. तुझ्या घरात कपडे धुवायचं यंत्र आहे ना? ते काय तुला धुता येत नाय म्हणून घेतलंस?"

हे सर्वेशने शब्द न् शब्द सांगितलं, 'तू'सकट सांगता आलं असतं तर तेही सांगितलं असतं. मागच्या रांगांत टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत नाही.

यंत्र आलं नाही. दीड महिन्याने पत्र आलं, फार सभ्य पत्र, की यंदा दुसऱ्या भागाला प्राधान्य दिलं आहे. सर्वेशला त्याच्या साहेबांनी बोलावून काय सांगितलं ते त्याने कुणालाच सांगितलं नाही. पण पुढच्या वर्गाला तो तक्ता न घेता आला आणि ओट्यावर बसून राहिला. बायांना वाटलं, सरला ताप आहे.

चित्रण मात्र ग्रामसभेत दाखवलं. सकू नव्या चोळीत पुढे बसली होती. डोळ्याला नीट दिसत नाही म्हणून कान पडद्याकडे करून बसली. पुलाचं ऐकल्यावर ती हलली नाही. संपलं तेव्हा म्हणाली, "परत लाव." परत लावलं. "परत लाव." तिसऱ्या वेळी सरपंच घड्याळ बघू लागला, तर सकूने त्याच्याकडे पाहिलं, आणि पुष्पा कुणावर गेली आहे ते सगळ्या ग्रामसभेला कळलं. चौथ्यांदाही लागलं.

गटातल्या बायांनी मात्र पुष्पाला सोडलं नाही. चैती तर दारात उभी राहून बोलली, "मोठी आली इमानातून! तुझ्या आईची अब्रू राहिली गं, आमच्या खांद्यांचं काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्पा स्वतःचं मुसळ घेऊन चैतीच्या अंगणात गेली आणि तिची वरई कुटायला लागली. तिसऱ्या दिवशी प्रमिलाची. असं करत दहा घरं, घराला एक दिवस. कुणी नको म्हटलं तरी ऐकलं नाही, आणि कुणी फार वेळ नको म्हटलंही नाही.

सातव्या दिवशी तिचा उजवा खांदा वर होईना. ती डाव्याने कुटू लागली. शेजारच्या अंगणातलं हे चैती आपल्या ओट्यावरून बघत होती. मग आत जाऊन तिने आपलं मुसळ आणलं, उखळाच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली आणि फणकाऱ्याने म्हणाली, "सरक तिकडं. निम्मी वरई बाहेर उडवतेस. तुला कुणी शिकवलं की नाय कुटायला?"

"आईनं," पुष्पा म्हणाली, आणि सरकली नाही.